दुसऱ्याने भरलेलं इंजेक्शन आपण द्यायचं का? (आणि औषधं देण्याबद्दलच्या बाकीच्या शंका)

जास्वंद_जीएनएम

नमस्कार. मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पोस्टिंग पुरुष मेडिसिन वॉर्डात. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, आमच्या ट्यूटर मॅडमसुद्धा इथे वाचतात असं ऐकलंय.

वर्गात पाच 'राइट' शिकवले, म्हणजे औषध देताना बरोबर असायलाच हव्यात अशा पाच गोष्टी. पेशंट, औषध, डोस, रूट (तोंडाने, शिरेतून की स्नायूत) आणि वेळ. तोंडपाठ आहेत. लॅबमध्ये डमीवर करूनही दाखवलंय. पण वॉर्डात संध्याकाळच्या आठच्या ट्रीटमेंटला काय होतं ते सांगते. चाळीसच्या वर पेशंट, त्यातले काही खाली गादीवर, आणि स्टाफ सिस्टर एक, फार तर दोन. त्या टेबलावर सगळी इंजेक्शनं एकदम भरतात, ट्रेमध्ये ओळीने लावतात आणि मला सांगतात, "ही पहिली चार आठ नंबरपासून पुढे, हे पिवळं चौदाला, शेवटचं खिडकीतल्या बाबांना." ट्रे घेऊन मी निघते तेव्हा पिवळं सोडून कशात काय आहे ते मला माहीत नसतं.

मी नको म्हटलं तर "फार शहाणी आली" होतं. दिलं तर रात्री झोप लागत नाही. मी काय करू?

दुसरं म्हणजे नाव विचारलं की म्हातारी माणसं कशालाही "हो" म्हणतात. मग ओळख पटवायची कशी? आणि तिसरं, गणित. थेंब, युनिट, एमएल म्हटलं की मला घाम फुटतो. कृपया रागावू नका.

बॅकबेंच_सिस्टर

आमच्याकडे पाचाचे सहा झाले, आता मॅडम दहा सांगतात. व्हायवाला डॉक्युमेंटेशन विसरू नकोस, हमखास विचारतात. बाकी भरलेली सिरिंज सगळेच देतात गं, एवढा विचार करायचा नाही.

आक्का_सांगली

वरच्या उत्तरातलं व्हायवाचं तेवढं घे आणि पुढचं सोडून दे.

मी निवृत्त इन्चार्ज सिस्टर. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, सगळे वॉर्ड झाले. झोप लागत नाही म्हणतेस ते चांगलंच आहे. लागू लागली की मला सांग, तेव्हा काळजी करू.

आधी सिरिंजचं. जे तू भरलं नाहीस आणि भरताना पाहिलंही नाहीस, ते द्यायचं नाही. पुस्तकात आहे म्हणून सांगत नाही. सिरिंजमधलं पाणी बघ. ऑन्डान्सेट्रॉन, हेपॅरिन, लासिक्स, साधं डिस्टिल वॉटर, पोटॅशियम क्लोराइड, सगळं काचेसारखं स्वच्छ. अँप्यूल (औषधाची छोटी कुपी) फेकली की सिरिंजकडे बघून आत काय आहे हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. भरणाऱ्या सिस्टरलासुद्धा फक्त ओळीतली जागा आठवत असते, आणि तुझा ट्रे वाटेत कुणाचा तरी धक्का लागून हलतो.

आता नाही कसं म्हणायचं? सरळ नाही म्हटलंस तर तुझी पोस्टिंग कडू होईल, ते मला कळतं. म्हणून असं म्हण: "सिस्टर, मला भरायला शिकायचंय. आठ ते बारा नंबरच्या खाटांची ट्रीटमेंट शीट द्या, मी तुमच्यासमोर भरते, तुम्ही अँप्यूल बघा." काम करायला मागणाऱ्या मुलीला कुणी हाकलत नाही. सिस्टरचा एक हात वाचतो, आणि काय देतेय हे तुला कळतं. तरीही कुणी भरलेला ट्रेच पुढे केला, तर मोकळी अँप्यूल मागायची. "अँप्यूल दाखवा ना, उद्या मॅडम विचारतील." ट्यूटरचं नाव पुढे करायला लाजू नकोस, ट्यूटर त्याच कामासाठी असतात.

एक अपवाद आहे. पेशंट कोसळला, डॉक्टर छाती दाबतायत, तेव्हा एकजण भरतो आणि दुसरा देतो. तिथे भरणाऱ्याने औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्याने बोलायची, अँप्यूल दाखवायची आणि मगच सिरिंज हातात द्यायची. अॅड्रेनॅलिन आणि अॅट्रोपिन, दोन्हींच्या अँप्यूल एक-एक एमएलच्या, इवल्याशा. घाईत कुठलीही उचलली जाते. भरलेली सिरिंज हातातून क्षणभर जरी खाली ठेवायची असेल, तर त्यावर चिकटपट्टी लावून औषध, मात्रा आणि पेशंटचं नाव लिहायचं. नुसता खाटेचा नंबर नाही.

आणि इथूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर येते, कारण सगळ्यात जास्त भानगडी त्या नंबरातच होतात.

खाट म्हणजे पेशंट नव्हे. चौदा नंबरचे काका पंख्याखाली जागा मिळाली म्हणून दुपारी सतराला जाऊन झोपतात. सतराचा पेशंट सोनोग्राफीला गेलेला असतो. त्याच्या खाटेवर त्याचा मेहुणा आडवा असतो आणि तू हात धरलास तर तो मुकाट्याने हात पुढेही करतो! हसू नकोस, असं होतं. खाली गादीवरच्यांना तर नंबरच नसतो, "एक्स्ट्रा दोन" वगैरे असतं, आणि सकाळी झाडताना गाद्या सरकतात.

म्हणून "तुम्ही पाटीलच ना?" असं विचारायचं नाही. त्याला उत्तर "होय" हेच येणार. आमच्या भागात वॉर्डात हाक मारली "पाटील" की चार माना वर होतात. विचारायचं असं: "मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा." तो बोलेल ते शीटवर जुळवायचं. मग गाव किंवा वय, आणि केसपेपरचा नंबर. मनगटाला पट्टी असेल तर ती वाचायची. पेशंट बोलत नसेल, भ्रमात असेल, ऐकू येत नसेल, तर पट्टी आणि केसपेपर आधी, नातेवाईक नंतर. नातेवाइकांच्याही पाळ्या बदलतात. रात्री बसायला आलेल्या पाहुण्याला पेशंटचं पाळण्यातलं नाव माहीत असतं, कागदावरचं नसतं.

स्त्रियांच्या वॉर्डात तुला आणखी एक गंमत भेटेल. जुन्या आजी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पूर्ण नाव विचारलं की पदर तोंडाला लावून गप्प बसतात, नाहीतर शेजारच्या बाईला खूण करतात, "तू सांग." एका आजींनी तर मला हातात अँटिबायोटिकची सिरिंज असताना उखाणा घेऊन दाखवला, अख्खा वॉर्ड हसला. अशा वेळी माहेरचं गाव, मुलाचं नाव असं काहीतरी विचारून केसपेपरशी ताळा करायचा. पण ताळा करायचाच.

गणिताचं नंतर लिहिते, नातू आलाय.

स्टाफ_नाईट

आक्का, आदर ठेवून बोलतो. तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर, पण एका सिस्टरवर चाळीस पेशंट असतील तर प्रत्येकाचं नाव, गाव, माहेर विचारत बसलो तर आठची ट्रीटमेंट अकराला संपेल. मग इन्चार्ज विचारणार, अकरा का वाजले. ट्रे भरून नेणं हे आळसाने होत नाही, माणसं नाहीत म्हणून होतं. स्टुडंटला हे पण कळू दे.

आक्का_सांगली

बरोबर आहे तुझं. माणसं कमी आहेत आणि मी इथे टाइप करून ती वाढणार नाहीत. म्हणूनच वेळ कुठे वाचवायची आणि कुठे नाही, हे ठरवावं लागतं. पाचही राइट सारख्या वजनाचे नसतात, हे वर्गात कुणी सांगत नाही.

सर्वात सैल राइट म्हणजे वेळ. आठची बी-कॉम्प्लेक्सची गोळी पावणेनऊला गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. तीच गोळी भलत्याच माणसाला गेली तर बिघडतं. म्हणून उशीर झाला तर होऊ दे, नाव विचारायचं टाळू नका. उशीर सगळ्यांनाच चालत नाही, म्हणून पहिली फेरी त्यांची जे थांबू शकत नाहीत: इन्सुलिन, फिटची औषधं, सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटची अँटिबायोटिक, पार्किन्सनच्या गोळ्या, स्टॅट (म्हणजे ताबडतोब) लिहिलेलं काहीही. बाकीचे नंतर. ट्रॉली टेबलाशी ठेवून खेपा घालण्यापेक्षा ती खाटेशीच न्यायची आणि एका पेशंटचं भरून, देऊन, सही करून मग पुढच्याकडे जायचं. करून बघ, खेपा वाचतात आणि एकूण वेळ फारसा वाढत नाही.

जास्वंद, सहीसुद्धा दिल्यावर. आधीच सगळ्या सह्या ठोकून मग वाटायला निघायची सवय लावून घेऊ नकोस. पेशंट वांत्या करत असतो, एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही असा) असतो, सरळ नको म्हणतो. दिलं नाही तर दिलं नाही असंच कारणासकट लिहायचं. तोंडाने द्यायची गोळी गिळेपर्यंत उभं राहायचं. उशीखाली गोळ्यांचा खजिना सापडतो बाळ, डिस्चार्जच्या दिवशी मावशी चादर झटकतात तेव्हा.

आता इन्सुलिन. यात वेळ आणि गणित दोन्ही आहे.

साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. म्हणजे घड्याळ बघायचं नाही, जेवणाची गाडी बघायची. शीटवर सात लिहिलंय म्हणून सातला दिलं आणि गाडी साडेआठला आली, तर मधल्या वेळात पेशंट घामाघूम होतो, बरळायला लागतो. शुगर ७०च्या खाली गेलेली असते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज हाताशी आणून ठेवायचं. आणि आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: "आज उपास आहे का?" एकादशी आणि संकष्टीला पेशंट जेवणाचं ताट परत पाठवतो आणि सांगत नाही. किंवा उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी हाणतो, मग शुगर उलटीकडे पळते. दोन्ही वेळा इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

सिरिंजचं बघ. लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. सरकारी पुरवठ्यात बहुतेक ४० युनिट प्रति एमएलची व्हायल (औषधाची रबरी बुचाची बाटली) येते. पेशंटने बाहेरून आणलेलं १०० युनिटचं असू शकतं. १००ची व्हायल आणि हातात लाल सिरिंज, ऑर्डर दहा युनिटची. तू दहाच्या खुणेपर्यंत भरलंस. ते झालं पाव एमएल, म्हणजे त्यात पंचवीस युनिट. अडीचपट. उलट केलंस, ४०ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर दहाच्या खुणेवर फक्त चार युनिट जातात. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळले पाहिजेत, आणि ते दुसऱ्या कुणीतरीही बघितले पाहिजेत. वॉर्डात दुसरी सिस्टर नसेल तर ब्रदर, इंटर्न, जो असेल तो. दोन इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घ्यायची असतील तर स्वच्छ दिसणारं आधी, गढूळ नंतर.

आणि डॉक्टरांनी '१०यू' असं चिकटवून लिहिलं असेल तर त्यांच्याकडून 'युनिट' असा पूर्ण शब्द लिहून घे. घाईत तो यू शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात.

औषधवाला_दादा

फार्मासिस्ट आहे, माझ्या खिडकीतलं सांगतो. डोस एमएलमध्ये ऐकू नका, एमजीमध्ये विचारा.

पॅरासिटामॉलचं घ्या. एकच औषध, तीन बाटल्या: ५ एमएलमध्ये १२५, ५ एमएलमध्ये २५०, आणि ड्रॉप्स, ज्यात १ एमएलमध्ये १०० एमजी. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ एमजी धरून १५० एमजी झाले. पहिल्या बाटलीतून ६ एमएल, दुसऱ्यातून ३, ड्रॉप्समधून दीड. आता "पाच एमएल द्या" ही ऑर्डर कुठल्या बाटलीसाठी? ड्रॉप्सची असेल तर ५०० एमजी गेले. आईलाही घरी जाताना बाटली हातात धरून सांगा, आणि घरचा चमचा नको, बाटलीबरोबरचं माप.

सूत्र एकच: हवा असलेला डोस भागिले हातात असलेला डोस, गुणिले तो ज्या एमएलमध्ये आहे ते एमएल. १५० भागिले १२५, गुणिले ५. बस. उत्तर आलं की एकदा डोळ्यांनी तपासा. एका डोससाठी चार अँप्यूल फोडाव्या लागत असतील किंवा अर्धी बाटली लागत असेल, तर थांबा. बहुतेक वेळा दशांश चिन्ह सरकलेलं असतं. म्हणून ०.५ लिहिताना पुढचं शून्य हवंच, आणि ५.० असं मागचं शून्य नकोच.

हेपॅरिनबद्दल सावध. पाच एमएलच्या दोन प्रकारच्या व्हायल येतात. एकीत अख्ख्या व्हायलमध्ये ५००० युनिट, दुसरीत दर एमएलला ५०००, म्हणजे एकूण २५०००. दोन्ही लेबलांवर ५००० हा आकडा दिसतो. तो कशाच्या पुढे लिहिलाय ते वाचा.

राइल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात घातलेली नळी) पेशंटसाठी गोळ्या कुटताना एसआर, ईआर, एक्सएल, रिटार्ड असं नावापुढे काही असेल तर कुटू नका. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. निफेडिपिन रिटार्ड कुटून दिली की बीपी धाडकन खाली. पॅन्टोप्रॅझोलची वरून लेप असलेली गोळीही कुटायची नाही. मला फोन करा, पर्याय असतो बऱ्याचदा.

आयसीयू_ब्रदर

थेंबांचं मी सांगतो, सोपं आहे.

सलाईनच्या नळीच्या सेटच्या पाकिटावर १ एमएलला किती थेंब ते छापलेलं असतं. साध्या सेटला बहुतेक २०, काहींना १५, मायक्रोला ६०. पाकीट फेकायच्या आधी वाचायचं. एमएल गुणिले थेंब, भागिले मिनिटं. ५०० एमएल चार तासांत, २०चा सेट: दहा हजार भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. शॉर्टकट हवा असेल तर २०च्या सेटला तासाचे एमएल भागिले तीन. १२५ भागिले ३, तेच ४२. मायक्रोला तासाचे जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, काही करायचंच नाही. चावी लावल्यावर घड्याळ धरून मोजायचं, आणि पेशंट बाथरूमला जाऊन आला की परत मोजायचं. हात वरखाली झाला की वेग बदलतो. नातेवाईकही "लवकर संपू दे" म्हणून चावी फिरवतात.

पोटॅशियम क्लोराइडचं आक्कांनी नाव घेतलंच आहे. १० एमएलची अँप्यूल, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. ती शिरेतून थेट कधीही नाही. कधीही. हृदय थांबतं. सलाईनमध्येच जाते, आणि हातातल्या व्हेनफ्लॉनमधून (शिरेत बसवलेली छोटी नळी) साधारण तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे नाही. बाटलीत घातल्यावर बाटली उलटी-सुलटी करून नीट मिसळायची, नाहीतर ते एका जागी साचून राहतं आणि पेशंटला एकदम जातं. देण्याआधी लघवी होतेय का बघायचं. डिस्टिल वॉटरच्या प्लॅस्टिक अँप्यूलसारख्याच अँप्यूलमध्येही हे येतं, म्हणून आमच्याकडे ते वेगळ्या कप्प्यात, कुलपात. तुमच्या वॉर्डात दोन्ही एकाच डब्यात असतील तर पहिल्याच दिवशी इन्चार्जना सांगा.

आणखी दोन. फिनिटॉइन फक्त एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन), डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की साका बसतो. सेफ्ट्रियाक्झोन आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) मिसळायचं नाही, आरएलमध्ये कॅल्शियम असतं.

लीड्सकर

मी नाशिककडची, इथे इंग्लंडमध्ये वॉर्डात आहे. काही वॉर्डांत औषधांच्या फेरीवरच्या नर्सला लाल एप्रन घालायला देतात, त्यावर "मध्ये बोलू नका" असं लिहिलेलं. ते वाचून लोक "सॉरी, एकच मिनिट" म्हणतात आणि मध्येच बोलतात. पण निदान आपल्याला "थांबा" म्हणायचा हक्क मिळतो. जास्वंद, भरताना कुणी हाक मारली तर हातातलं तसंच ठेवून जाऊ नको. एकतर पूर्ण कर, नाहीतर टाकून दे आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरू कर.

ओळखीसाठी आम्ही नाव आणि जन्मतारीख पेशंटकडून वदवून घेतो आणि मनगटाच्या पट्टीशी जुळवतो. फार सोपं पडतं.

आक्का_सांगली

लीड्सकर, तुमच्याकडे जन्मतारीख चालत असेल. इकडे एका पिढीची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकलीय. तारीख विचारून अर्धा वॉर्ड एकाच दिवशी जन्मलेला निघायचा. केसपेपर नंबरच बरा.

हाक मारण्याबद्दल मात्र शंभर टक्के. आमच्याकडे एप्रन नव्हता, मी मान न वळवता "भरतेय" एवढंच म्हणायचे. वॉर्डबॉयपासून हाऊसमनपर्यंत सगळ्यांना त्याचा अर्थ कळायचा.

जास्वंद, एक राहिलं. पेशंट "सिस्टर, ही माझी गोळी नाही, माझी गुलाबी असते" म्हणाला तर "डॉक्टरांनी बदलली असेल, घ्या" असं म्हणू नकोस. थांब, शीट बघ. कंपनी बदलली म्हणून रंग बदलला असेल, ठीक आहे. पण कित्येकदा पेशंटच बरोबर असतो. महिनोन्महिने तीच गोळी तो खातोय, तू आजच पाहतेयस.

आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, "यापूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी, सूज, दम असं झालंय का?" हे विचारायचं. टेस्ट डोस ठीक होता म्हणून निर्धास्त राहायचं नाही. पूर्ण डोस दिल्यावर थोडा वेळ नजर त्याच्यावर ठेवायची आणि इमर्जन्सी ट्रे कुठे आहे, त्यात अॅड्रेनॅलिन आहे का, तारीख संपली नाही ना, हे ड्यूटी सुरू होतानाच बघून ठेवायचं. मोठ्या माणसाला रिअॅक्शन आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अर्धा एमजी म्हणजे अर्धा एमएल. तो निर्णय तुझा नाही, पण डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा अँप्यूल त्यात पडली पाहिजे.

जास्वंद_जीएनएम

आक्का, सगळ्यांनाच खूप खूप आभार. आज "मला भरायला शिकायचंय" म्हणून पाहिलं. सिस्टर आधी संशयाने बघत होत्या, मग म्हणाल्या, "बरं, चार भर, मी बघते." त्यातल्या दोन खाटांवर पेशंट वेगळेच होते, खरंच पंख्यासाठी अदलाबदल केली होती!

दोनच शंका राहिल्या. रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात आणि सिस्टर हात मोकळे नसले की मलाच ऐकायला लावतात. चालतं का? आणि चुकून काही चुकीचं गेलंय असं दिसलं, माझ्याकडून नाही, कुणाकडूनही, तर आधी कुणाला सांगायचं?

आक्का_सांगली

फोनची ऑर्डर स्टुडंटने घ्यायची नाही. फोन सिस्टरच्या कानाला लावून धर, तेवढं तू करू शकतेस. सिस्टरने ऐकून लिहायचं, लिहिलेलं डॉक्टरांना परत वाचून दाखवायचं. आकडे सुटे करून, "फिफ्टीन, वन-फाइव्ह", कारण फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. सकाळी डॉक्टरांची सही घ्यायची.

चुकीचं गेलेलं दिसलं तर कागद नंतर. आधी पेशंटकडे जा. शुद्ध, नाडी, श्वास, बीपी. जात असलेली सलाईन बंद कर, व्हेनफ्लॉन काढू नकोस, लागेल. मग सिस्टर, सिस्टरकडून डॉक्टर. मग जे झालं ते वेळेसकट लिहायचं. शीटवर खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. कुणी "लिहू नको, मिटवून टाकू" म्हणालं तर तू फक्त एवढंच म्हण की मॅडमना सांगावं लागेल. आणि पेशंटला काय गेलं ते डॉक्टरांना माहीत नसेल तर ते उपचार कशावर करणार?

औषधवाला_दादा

भर घालतो. चूक नसतानाही औषधाने त्रास झाला, पुरळ, काविळीसारखं काही, तर त्याचा वेगळा फॉर्म असतो. भारत सरकारचा फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे, त्याचा. तो डॉक्टरांनीच भरायचा असं नाही, नर्सही भरू शकते. मेडिकल कॉलेज असेल तर फार्माकॉलॉजी विभागात विचारा.

बॅकबेंच_सिस्टर

मी पण आज अँप्यूल मागितली. ओरडा खाल्ला पण दाखवली.

आक्का, सुईचं विचारते. दिल्यावर टोपण लावायचं का? आमच्याकडे सगळे लावतात, बोटाला टोचते म्हणून मला भीती वाटते.

आक्का_सांगली

लावायचं नाही. टोपण परत लावतानाच सर्वात जास्त बोटं टोचतात. हब कटर किंवा नीडल बर्नर ट्रॉलीवर घेऊनच फिरायचं, तिथल्या तिथे सुई कापायची. कापलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेची अँप्यूल आणि व्हायल निळ्या डब्यात. टोचलीच तर बोट दाबत, चोखत बसायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करायची. एचआयव्हीसाठीची गोळी लागणार असेल तर ती जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही. आणि हेपटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का दोघींचे? नसतील तर उद्याच पहिला घ्या.